फोटो काढणारी फोटोत नसते

बायको दिवाळीला नाशिकला माहेरी गेली आणि तिथेच राहिली. भांडून भांडून आम्ही दोघंही दमलो होतो. चेन्नईला परत येणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं आणि मीही शांतपणे ऐकलं. प्रश्न होता कराडच्या आईचा. तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बाबा गेल्यापासून तिचा सगळा जीव आमच्या संसारात. म्हटलं, बघू पुढे. आणि ते पुढे ढकलण्यासाठी मी प्रवासाचे फोटो काढायला लागलो.

काढायला कसले, काढून घ्यायला! रविवारी वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये भिंती खायला उठायच्या. मग बस पकडून महाबलीपुरम, कधी कांचीपुरम, अगदीच कंटाळा आला तर अड्यारकडचा समुद्र. हातात साधा मोबाइल, बाकी काही नाही. सेल्फी चालणार नव्हती, सेल्फीत एकटा माणूस लगेच ओळखू येतो. म्हणून एखादा भला माणूस गाठायचा, "अण्णा, ओरु फोटो" म्हणायचं, फोन त्याच्या हातात द्यायचा आणि दगडी हत्तीपुढे जाऊन दात काढायचे. माझं तमिळ तेवढंच. लोक फार चांगले हो, पण फोटो काढतात भयंकर! कुणी माझे पाय कापतं, कुणी हत्तीचं डोकं. एकानं तर अगदी मनापासून स्वतःच्या अंगठ्याचे चार फोटो काढून दिले. मग ते आपल्या बायकामुलांत परत जायचे आणि मी कुठेतरी सावलीला बसून त्यातल्या त्यात बरा फोटो आईला पाठवायचो.

"ती कुठेय रे? तिचा एकही फोटो नाही," आई विचारायची.

"अगं, तीच तर काढतेय! फोटो काढणारी फोटोत कशी येईल?"

"हो की."

आई सुनेशी बोलायचंय म्हणाली, की सून कधी अंघोळीला गेलेली असायची, कधी शेजारी. आपल्या हुशारीवर मी खूश. पण फोन ठेवला की फार लाज वाटायची.

पाचेक महिने असे गेले. एका रविवारी सकाळी मी मांबलम स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. कुठे जावं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"तुझे फोटो मोठे करकरून बघत होते," ती म्हणाली. "प्रत्येक फोटोत तुझी कॉलर एका बाजूनं आत मुडपलेली."

"असेल. त्याचं काय एवढं?"

"सूनबाई फोटो काढत असती, तर आधी येऊन कॉलर सारखी केली असती. चार शब्द सुनावले असते, पण केली असती."

समोर गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली.

"कधी गेली रे?"

"दिवाळीत."

आता आई रडेल, मला बोल लावेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

"म्हणजे इतके महिने," ती म्हणाली, "दर रविवारी तू एकटाच उन्हातान्हात हिंडतोयस? मला वाईट वाटू नये म्हणून?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि भर फलाटावर मला हुंदका फुटला. आईनं फोन ठेवला नाही.