मी वर्ग गप्प कसा केला

वर्गाला शिस्त कशी लावावी हे मला चांगलं ठाऊक आहे. कुणी विचारलं तर सांगतोही, पण ऐकणाऱ्याला ते फारसं आवडत नाही.

निजामाच्या अमलात बीडच्या उर्दू शाळेत मी मुलांच्या एकाच तुकडीला सगळ्यांत वरच्या वर्गापर्यंत गणित शिकवलं. वरचा वर्ग म्हणजे आजच्या हिशेबानं कॉलेजचीच मुलं. मिशा फुटलेली, विशीला टेकलेली; दोघातिघांच्या घरी तर पाळणा हललेला. कॉलेज मात्र दूर हैदराबादेला. तिथं साध्या घरच्या मुलाला जायचं तर सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, हवा, आणि वजीफ्यासाठी शाळेकडून चांगल्या वागणुकीचा दाखला हवा. मुलं आसपासच्या खेड्यांतली. घरी मराठी बोलायची आणि वर्गात त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया म्हणत घोकायची. घोकलेलं परीक्षेपर्यंत टिकलं तरी खूप झालं.

पहिलं वर्ष मी छडीवर काढलं. आपल्याएवढ्याच उंचीच्या माणसाला छडी मारण्यासारखं ओशाळवाणं काम नाही. ती मुलं हात पुढे करत, मार खात आणि माझी कीव आल्यासारखी जागेवर जाऊन बसत. मागच्या बाकावर तलवाड्याच्या एका दुकानदाराचा मुलगा होता. फळ्याकडे तोंड केलं की तो शेळीसारखा ओरडे, आणि इतका हुबेहूब की एकदा शिपाई खरोखरच शेळी हाकलायला आत आला.

दुसऱ्या वर्षी मला अक्कल आली. छडी कपाटात टाकली. मुलांना मैदानात नेलं, त्रिकोण आखायला सुतळी आणि खुंट्या दिल्या आणि सांगितलं, आधी आपल्या बोलीत भांडा, मग उर्दूत लिहा. वर्गाचे दोन तट पाडले. एकानं सिद्धांत मांडायचा, दुसऱ्यानं ‘कावून?’, म्हणजे का, असं विचारून त्याला छळायचं. कितीही आग्रह झाला तरी उत्तर त्या दिवशी मी द्यायचं नाही. मुलं ते घरी नेत, वाटेत वाद घालत आणि सकाळी हाजिरीच्या आधीच माझ्याभोवती गोळा होत. शेळीच्या हातात मी खडू दिला. ओरडण्याची हौस होती ना, मग फळ्यापाशी उभा राहून ओरड म्हटलं. तीन महिन्यांत तो माझ्याआधी चुका पकडायला लागला. ‘मास्तर, ही पायरी तुमी गाळलीत,’ असं भर वर्गात सांगायचा आणि मला त्याचा राग येत नसे. उलट फार बरं वाटे. खरं सांगतो, मास्तरकीत मला सुख लागलं ते तेवढंच.

पुढच्या वर्षी तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे मोठे अधिकारी, मोहतमिम साहेब, तपासणीला आले. शहाण्या माणसानं मुलांना आदल्या दिवशी बजावून ठेवलं असतं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसा. मी बजावलं नाही. मला माझा वर्ग मिरवायचा होता.

साहेब खुर्चीत बसले. दोनचार प्रश्न विचारून झाले. उत्तरं चोख आली तसे साहेब खुलले आणि स्वतःच शिकवू लागले. म्हणाले, दोन त्रिकोणांचे तिन्ही कोन सारखे असले, की ते दोन त्रिकोण अगदी एकसारखे, लांबीरुंदीसकट.

तलवाड्याचा उठला. सवयच मी लावली होती. हात बांधून, अदबीनं त्यानं विचारलं, “क्यों, जनाब?” परवानगी मागून तो फळ्याशी गेला. एक वीतभर त्रिकोण काढला, आणि त्याच कोनांचा दुसरा, फळा भरून. मग बाजूला उभा राहिला.

वर्गात कुणी हसलं नाही. हसली असती तर कदाचित बरं झालं असतं, साहेबांना रागवायला निमित्त मिळालं असतं. त्यांनी दोन्ही त्रिकोण पाहिले. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “मास्टर साहब, आप फरमाइए. कौन सही है?”

माझ्यामागे सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, उभे होते. त्यांनी घसा खाकरला. माझी पाचावर धारण बसली. नोकरी, घरातली पाच माणसं, सगळं डोळ्यांपुढून गेलं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा काहीच डोळ्यांपुढून गेलं नाही. मी नुसता भ्यालो.

“जनाब बजा फरमाते हैं,” मी म्हणालो. साहेबांचं बरोबर आहे.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे; माझा काहीतरी घोटाळा झालाय, आता सुधारेन, अशा नजरेनं. मी मान खाली घातली. साहेबांनी त्याला माफी मागायला सांगितलं. तो म्हणाला, चूक दाखवा, मागतो.

साहेब गेल्यावर सदर मुदर्रिसांनी त्या मुलाच्या दाखल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. वागणुकीचा रकाना वर्गाच्या मास्तरानं भरायचा असे. त्यात मी ‘उद्धट’ हा शब्द लिहिला. अक्षर माझं सुरेखच होतं.

आठवड्यानं त्याचा बाप आला. उभ्या आडनावात शाळा पाहिलेला हा पहिलाच मुलगा. बाप पायरीवरच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

“मास्तर, पोरगं चुकलं आसंल तर आत्ता तुमच्या पायावर घालतो. पर खरं सांगा, चुकलं का?”

“तसं चुकला नाही.”

“मंग माफी कावून मागायची वो?”

मी दुनियादारीच्या चार गोष्टी बोललो. त्यानं त्या ऐकून घेतल्या, हात जोडले आणि गेला. वजीफा दुसऱ्या कुणाला मिळाला. मुलगा तलवाड्याला दुकानात बसला. एकदा त्या गावावरून जायची वेळ आली तेव्हा मी छकडेवाल्याला गाडी लांबच्या वाटेनं घ्यायला लावली.

वर्ग मात्र सुतासारखा सरळ झाला. दोन तट मोडले. भांडण बंद, प्रश्न बंद, खुंट्या कुणी पळवल्या तेही मी विचारलं नाही. छडीला हात लावायची गरज उरली नाही. सदर मुदर्रिस नव्या मास्तरांना माझ्या दारात आणून उभे करत आणि म्हणत, वर्ग कसा ठेवावा ते इथं बघा.

मला ते सहन होईना. एके दिवशी मी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा लहान असते. वावरातून आडवं चालत घरी जाणाऱ्या पोराला हे खोटं आहे, हे शाळेत न जाताही कळतं. मी खडू ठेवला, वळलो आणि थांबलो. कुणीतरी उठावं, शेळीसारखं ओरडावं, निदान खाकरावं, म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि ते वहीत उतरवून घेतलं.