पैलवानाचं ऑपरेशन

ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितलेली नाही. सख्ख्या बहिणीला अर्धीच ठाऊक आहे, तीही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली म्हणून. देवापुढे बसते तेव्हासुद्धा मी हा विषय टाळते — त्याला माहीत असेलच म्हणा, पण तोंड उघडून मी काही बोललेले नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय की काय, कोण जाणे.

आधी जरा बोक्याबद्दल बोलू द्या. लगेच मुद्द्यावर यायचं धैर्य नाही माझ्यात.

इंदिरानगरमध्ये आमचं छोटं रो-हाऊस आहे. पलीकडचं शैलाचं. दोन्ही घरांची भिंत एकच, मागे दोघींची अंगणं, आणि मध्ये कमरेएवढं कंपाउंड. आमचे हे गेले त्या वर्षी मागच्या दारी एक बोका आला. काळा-पांढरा, हाडंच हाडं, आणि नाकाखाली काळा डाग — थेट मिशीच. दूध-पोळी कुस्करून घातली, तर तो राहिलाच. वर्षभरात असा भरला की डोकं नारळाएवढं झालं. मी नाव ठेवलं पैलवान.

वयात आलेला बोका म्हणजे काय असतं, हे तो ज्याच्या घरी असतो त्याला विचारू नये. शेजाऱ्याला विचारावं. शैलाच्या दारावर, कुंड्यांवर, उन्हात टाकलेल्या गाद्यांवर हा शेपटी ताठ करून फवारा मारायचा. तो वास — साबण झाला, व्हिनेगर झालं, काही म्हणता जायचा नाही. शैलाच्या नवऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटवर तर याचा हक्कच होता. तो बिचारा स्टॉपपर्यंत गाडीने जायचा, तिथून कंपनीच्या बसने ओझरला. एकदा मला म्हणाला, “मावशी, बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही हो!” मी काय करावं? हसले. कोपऱ्यावरच्या घरातल्या मांजराचा कान याने फाडला, पिकून त्याचं गळू झालं, त्या लोकांना डॉक्टरकडे चकरा माराव्या लागल्या. तेव्हाही मी हसले. “अहो, पुरुषाची जात,” म्हणाले. मनातून थोडी फुशारकीच होती मला. आमचा पैलवान म्हणजे गल्लीचा राजा, असं.

तेही चुकलंच. पण जे सांगायचंय ते हे नव्हे.

शैला माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. घरीच ब्लाउज शिवते, दिवसभर तिचं मशीन चालू असतं, आणि त्या आवाजाची मला सोबत होते. तिची मांजर चिमी. राखाडी, पाय तेवढे पांढरे, जणू मोजे घातलेत. चिमी कधी वाढलीच नाही, एवढीशीच राहिली. जन्मतःच हृदय कमजोर. डॉक्टरांनी शैलाला बजावून ठेवलं होतं — हिला भूल सोसणार नाही, तेव्हा हिचं ऑपरेशन करता यायचं नाही. आणि पिल्लंही होऊ देऊ नका, त्यातून ही उठायची नाही.

आता सांगा, बाईने करायचं काय? तिने सगळ्या खिडक्यांना जाळ्या मारल्या, मागच्या दाराला जाळी लावली. चिमी माजावर आली की आत जाळीला तोंड लावून रडायची आणि बाहेर आमचे महाराज गळा काढायचे. एकदा तर त्याने जाळीचा कोपरा नखांनी उचकटून काढला. शैलाने वेळेवर पाहिलं म्हणून बरं.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी तयारीतच होते, पदर खोचून. पण ती म्हणाली, “मावशी, भांडायला नाही आले. माझ्या चिमीचं करता येत नाही हो. तुमच्या पैलवानाचं तेवढं करून घ्या ना.”

भांडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. ती अशी हात जोडल्यासारखी बोलली, आणि मी “हो” म्हणून गेले. दवाखाना तिनेच शोधला, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझा फोन नंबर देऊन वेळही तिनेच घेतली. चिमीची टोपली घासूनपुसून आणून दिली. सोबत यायचं म्हणत होती, पण त्या दिवशी तिच्याकडे लग्नाच्या ब्लाउजांची घाई होती. तो दिवस मीच निवडला होता का? खरं सांगायचं बसलेय तर — हो, मीच.

दवाखान्यात बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले. आतून एका माणसाने एक मांजर आणलं — मान लोंबतेय, जीभ बाहेर, डोळे उघडे पण नजरच नाही. मालकाच्या हातात दिलं, ओल्या कपड्यासारखं. मेलं नव्हतं, भुलीत होतं. तसं तो माणूस सांगतही होता. पण मी पुढचं ऐकलंच नाही. “जरा जाऊन येते,” म्हणाले, टोपली उचलली आणि सरळ रिक्षात बसले.

घरी मात्र गेले नाही. बागेत जाऊन बसले. का? कारण एवढ्या लवकर परतले असते तर शैलाने विचारलं असतं. म्हणजे बघा, तोवर माझं ठरलेलं होतं. टोपलीत पैलवान कोकलत होता. फिरायला आलेली एक बाई थांबली, म्हणाली, “काय झालं हो याला?” मी म्हणाले, “ऑपरेशन झालंय, आताच.” ती म्हणाली, “बरं वाटेल हं बाळाला.” इतकं सोपं होतं ते. ओळखपाळख नसलेल्या बाईवर मी ते वाक्य आधी चालवून पाहिलं.

संध्याकाळी शैला पैलवानाला भेटायला आली. हो, आजारी माणसाला भेटायला जातात तशी. हळू पावलांनी, हळू आवाजात, आणि हातात वाटी — त्याच्यासाठी कोंबडीचं पाणी, बिनमिठाचं, कोमट करून. मी त्याला माझ्या जुन्या सुती पातळाखाली झोपवला होता. ओरडून ओरडून दमला होता, वर पोटभर दूध, गाढ झोपला होता मेला. “दुखतंय का हो त्याला?” तिने विचारलं. मी म्हणाले, “भूल उतरतेय.” तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. “शहाणा गं माझा तो,” म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी — मी पण पदर डोळ्याला लावला. लाज तरी वाटावी ना?

तिने पातळ उचलून पाहिलं नाही. पुढेही कधी पाहिलं नाही. बोक्याचं झालंय की नाही, हे कळायला काही डॉक्टर लागत नाही हो. तो पुढे चालत असला की मागून कोणालाही दिसतं. माझी बहीण सटाण्याहून आली, चहाचा कप हातात, आणि पैलवान समोरून शेपटी वर करून गेला. “ऑपरेशन कयं म्हनस ना तू?” ती खो खो हसायला लागली. “अवं, येनं त सगळंच जागावर शे!” तिला मी दटावून गप्प केलं. पण शैलाने पाहिलंच नाही. माझ्या शब्दावर विसंबल्यावर ती मांजराच्या शेपटीखाली बघायला कशाला जाईल? फवारे चालूच होते, त्यावर मी म्हणाले, जुनी सवय आहे, जाईल हळूहळू; तेही तिने मानलं.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, बोक्याचं झाल्यावरही महिनाभर जपा, मग काळजी नाही. ती दिवस मोजत होती. एका सकाळी कंपाउंडपाशी आली, “झाला ना मावशी महिना?” तेव्हा सांगता आलं असतं. थट्टेवारी नेता आलं असतं, रडता आलं असतं, तिने चार शिव्या दिल्या असत्या. एवढंच झालं असतं. मी म्हणाले, “झाला की.”

तिने मागच्या दाराची जाळी काढली. थंडीचे दिवस होते, आणि चिमी आयुष्यात पहिल्यांदा अंगणातल्या उन्हात आडवी झाली. पोट वर करून, पांढरे मोजे हवेत. शैला वेडी झाली होती आनंदाने. मी म्हणाले, “बाकीचे बोके येतील गं, सांभाळ.” तर म्हणते, “तुमचा पैलवान आहे ना राखणीला! तो दुसऱ्याला येऊ देईल होय?”

मी त्याला कोंडून ठेवायला लागले. पण अंगात वारं शिरलेला बोका कोंडून राहतो? पडदे फाडले, दारावर उड्या मारल्या, घसा फाडून ओरडून माझं डोकं उठवलं. शेवटी मी दार उघडलं. सुटला नाही तो. मी उघडलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. तो कंपाउंडवर चढला. पलीकडे उन्हात चिमी. आतून शैलाच्या मशीनचा आवाज. एक हाक मारायची होती — शैला, चिमीला आत घे. एवढंच. मग ती विचारणार, का? त्या ‘का’ची मला भीती वाटली. मी खिडकीपासून वळले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

आलं का लक्षात? दवाखान्यात घाबरले, ते एक वेळ ठीक. खोटं बोलले, लोक बोलतात. पण मला दिसत होतं. मला सगळं दिसत होतं, आणि मी पोळी गोल व्हावी म्हणून ती फिरवत बसले होते.

चिमीचं पोट दिसायला लागलं तेव्हा शैला पांढरीफटक पडली. डॉक्टर म्हणाले, आता पोट उघडायचं तरी भूलच द्यावी लागणार, वाट बघा. ती माझ्याकडेच आली रडायला, दुसरीकडे कुठे जाणार? “कुठून आला असेल हो मेला? पैलवानाचं तर झालेलं आहे.” आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “मटणाच्या दुकानापाशी तो पांढरा बसतो ना, त्याला पाहिलं होतं मी एकदा आपल्या गल्लीत.” तिच्या नवऱ्याने त्या पांढऱ्याला पोत्यात घातलं आणि ओझरच्या पुढे मोकळ्या रानात सोडून आला. आयुष्यभर दुकानाच्या फळीखाली बसलेला बोका तो. त्याला रानात काय कळणार होतं?

चिमी बाळंतपणात गेली. शैलाच्या मांडीवर. मी शेजारी होते, गरम पाण्याचं फडकं मीच पिळून देत होते. एक पिल्लू मेलेलं आलं, एक जिवंत. ते बाहेर आलं तशी चिमीने मान टाकली, त्याला चाटायलासुद्धा राहिली नाही. शैला चिमीचे ते पांढरे पाय हातात घेऊन चोळत बसली, गार पडू नयेत म्हणून.

पिल्लू तिने ड्रॉपरने दूध पाजून जगवलं. बोका निघाला, नाव ठेवलं बाळू. डोळे उघडले, अंगावर लव आली, तसा रंग कळायला लागला. काळा-पांढरा, आणि नाकाखाली मिशी. शैलाने त्याला माझ्यासमोर धरलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. “बघा ना मावशी, अगदी पैलवान! त्याचं ऑपरेशन झालेलं नसतं तर मी म्हटलं असतं तुमच्याच नातवाला पोसतेय.” मी त्याला हातात घेतलं. “पुष्कळ बोक्यांना असते मिशी,” म्हणाले.

त्यानंतर मी पैलवानाचं ऑपरेशन करून आणलं. पंचवटीच्या बाजूला, दुसऱ्याच डॉक्टरांकडे, बहिणीकडे जाते असं सांगून. काही झालं नाही त्याला. दुसऱ्या दिवशी जेवायला मागत होता. फवारे थांबले, भांडणं थांबली. शैलाला वाटलं, म्हातारा झाला.

परवा ती म्हणाली, आता बाळूचं करून घ्यायचं वय झालं. दुसऱ्या कोणाच्या चिमीवर अशी वेळ नको यायला. “चला ना सोबत, तुम्हाला सगळं माहीत आहे.” त्याच दवाखान्यात गेलो आम्ही. मला धाकधूक होती, कोणी ओळखलं तर? कोणी ओळखलं नाही. तिथे रोज इतकी जनावरं येतात.

बाळूला आत नेलं. शेजारी एक तरुण मुलगी तिच्या बोक्याला उराशी धरून बसली होती, म्हणत होती, नको वाटतं हो, जाऊ का घरी परत? शैला तिला म्हणाली, “या मावशींना विचार. यांचा जीव की प्राण आहे बोका. माझ्या चिमीसाठी करून घेतलं यांनी. कोण करतं दुसऱ्यासाठी एवढं?” त्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की काय सांगू. “खरंच काही होत नाही ना आजी?” मी म्हणाले, “नाही होत.” त्या बाकावर मी बोललेलं तेवढंच खरं.

मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला असेल. शैलाने माझा हात हातात घेतला, कारण आत तिचं बाळ होतं आणि तिला भीती वाटत होती. चिमी माझ्यामुळे गेली, शैला. एवढेच शब्द होते, आणि ते अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले. आणि बाळूला बाहेर आणेपर्यंत, तिचा हात हातात घेऊन, तशीच बसून राहिले.