हरण्याचा हिरवा सिग्नल

चौकात गाड्या तुंबतात, तसे किस्सेही तुंबतात. गाड्या निदान शिट्टी मारली की सुटतात, किस्से थेट घरी येतात! मी कळंबला ट्रॅफिक शिपाई. चौकातले माझे जोडीदार गायकवाड काका. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत. त्यामुळे सिग्नल आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच. पण साहेबांनी बजावलं होतं, "महिनाभर बघू. बाजाराच्या दिवशी चौक तुंबला, तर सिग्नल दुसऱ्या गावाला!"

*

अडचण काकांचीच होती. सगळा तालुका त्यांच्या ओळखीचा. हिरवा लागला की जो तो गाडी हळू करायचा. "जयभीम काका!" "रामराम!" "सलाम चाचा, तब्येत कशीय?" उत्तर मिळेपर्यंत लाल!

शेवटी काका ओरडले, "रामराम, जयभीम सगळं लालमधी! हिरव्यात वळख दाखवायची न्हाय!"

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गुरुजी हिरव्यातच थांबून राहिले. म्हणाले, "लाल लागू द्या की. तुमाला बोलल्याबिगर कसं जाऊ?"

*

एकदा दोन व्याही मोटारसायकलींवर शेजारी-शेजारी आले. हिरवा लागला.

"व्हा पुढं, पाव्हणं."

"छ्या! तुमी मुलाकडचे, तुमी आधी."

तीन हिरवे गेले! मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. मी म्हटलं, "अहो, मानपान लग्नातच उरकायचा असतो!" तर दोघं एकदम म्हणाले, "तिथंच तर ऱ्हायला, मॅडम!"

*

नवा ट्रॅक्टर तुळजापूरहून देवीचं दर्शन घेऊन आला. गळ्यात हार, पुढं गुलाल. मालक सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर उतरला आणि त्यानं खाडकन नारळ फोडला.

"टॅक्टरचा पयलाच सिग्नल हाय, मॅडम. तसाच कसा वलांडू?"

मागचे सगळे प्रसादाला उतरले. काका लांबून म्हणत होते, "पावती फाड, पावती!" पण माझ्या तोंडात खोबरं होतं. बोलणार काय!

*

आणि नामदेव अण्णांची एका बैलाची गाडी. दर बाजाराला सोयाबीन घेऊन यायची आणि लाल असो, हिरवा असो, सरळ चालू लागायची.

"म्या वढतो कासरा, पण हरण्या ऐकत न्हाय," अण्णा म्हणायचे.

काकांनी डब्यातली भाकरी काढली. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर थांबवायची, हरण्याला चतकोर द्यायची, मग सोडायची. तीन बाजारांत हरण्या शिकला. माणसांना अजून जमलेलं नाही!

*

महिन्याचा शेवटचा बाजार. साहेब पाहणीला आले आणि नेमकी लाईट गेली! सिग्नल बंद. चारी बाजूंनी गाड्या निघाल्या. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला रडूच येणार होतं.

तेवढ्यात हरण्या आला आणि पट्ट्यावर थांबला. मागचे टेम्पो, मोटारसायकली, सगळे थांबले. समोरची गर्दी झरझर निघून गेली.

साहेब खूश. "लाईट नाही, तरी ही शिस्त? वा! सोडा आता यांना."

अण्णांनी कासरा हलवला. हरण्या ढिम्म. साहेबांनी स्वतः शिट्टी मारली, हात केले. तरी ढिम्म!

"का हलत नाही हा?"

काका खाली बघत म्हणाले, "साहेब, त्याचा हिरवा माझ्या डब्यात हाय."

साहेबांनी डबा मागवला. आपल्या हातानं चतकोर भाकरी चारली. गाडी हलली, चौक मोकळा झाला. जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "सिग्नल इथंच राहील. पण गायकवाड, डबा विसरायचा नाही!"