आधी आपला अंगठा

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडहून परतीच्या एसटीत होतो. दिग्रसला उतरेपर्यंत माती होऊन गेली होती... महिना झाला, पण त्याला 'कालवश' म्हणायला माझी जीभ वळत नाही. तोच खेकसला असता, "अबे सुध्या, मेला म्हण ना सरळ!"

शाळेपासूनचा दोस्त. मी पुरवठा खात्यात कारकून झालो, त्यानं स्टँडमागे बॅटरी दुरुस्तीचं दुकान टाकलं. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडमध्ये हात घालून त्याच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या होत्या. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि ते त्याला ओळखेना. दुकानदारानं तोडगा काढला होता: अशा कारागिरांचा अंगठा घ्यायचाच नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाचा घ्यायचा. मीही म्हटलं, "भाभीचा लाव ना. धान्य भेटल्याशी मतलब."

तो भडकला. "धान्य त भेटतेच बे! पण तिचा अंगठा लागला का वर मुंबईत दिसते, सारं बराबर चालू आहे. मंग पुढचं मशीनही असंच बनवतीन. माहा अंगठा चालला नाही, हे त्यायले दिसू दे ना!"

दर महिन्याला तो आधी स्वतःचा अंगठा लावायचा. एकदा नाही, तीनदा. तिन्ही नकार मशीनमध्ये नोंदले गेले की मगच भाभींना पुढे करायचा. रांग खोळंबायची, लोक शिव्या घालायचे. पण हळूहळू वेल्डर, पिंजारी, जिनिंगमधली सुमनबाई, सगळेच तसं करू लागले. मग आमच्याकडे वरून विचारणा आली, याच दुकानात एवढे नकार कसे? 'लोकांना हात धुऊन यायला सांगितलं आहे' असं उत्तर लिहा, साहेब म्हणाले. नोकरीत पहिल्यांदाच मी साहेबांचं ऐकलं नाही. मशीन घेण्याआधी ते कष्टाच्या हातांवर तपासा, असं लिहून पाठवलं. मी निवृत्त झालो, तरी त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मशीननं युसूफला शेवटपर्यंत ओळखलं नाही. मला याचा राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला सेवा केंद्रात गेलो. वयामुळे असेल, माझाच अंगठा लागेना. पुन्हा लावला, पुन्हा नकार. केंद्रवाला म्हणाला, "काका, कागदावर भरून देऊ, कायले तरास घेता?" रांग कुरकुरत होती. मी क्षणभर घुटमळलो, हात मागे घेतला...

मागून सुमनबाईचा आवाज आला, "तिसरा बाकी आहे, भाऊ. युसूफभाई तीनदा लावे."