मंगल कार्यालयातील दुसरी इयत्ता

महापुराच्या पाण्याने आमच्या भागातील शाळेच्या भिंती पोखरल्या आणि इमारत धोकादायक ठरली. दुरुस्ती होईपर्यंत प्राथमिक वर्ग जवळच्या मंगल कार्यालयात हलवण्यात आले. एकाच सभागृहात पहिली ते चौथी, मध्ये सतरंज्या टांगलेल्या. लग्नाचा मुहूर्त असला की सुट्टी. कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिलेला हक्क वऱ्हाडाच्या सोयीसाठी बाजूला सरतो, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

घरात माझ्या दोन नाती. थोरली दहावीत. तिच्या वर्गाची व्यवस्था तातडीने दुसऱ्या शाळेत झाली, कारण बोर्डाची परीक्षा सर्वांना दिसते. मैत्रिणी पांगल्या म्हणून ती रडली, चिडली. पण पुस्तक उघडून तिचे ती वाचू शकत होती. धाकटी दुसरीत. तिची चिंता कोणालाच नव्हती, उलट कौतुक होते. सतरंजीपलीकडून ऐकलेला तेराचा पाढा, चौथीच्या इतिहासातला धडा, सारे ती घडाघडा म्हणे. पाहुणे आले की सून तिला पुढे उभी करी.

"पोरगी वकील हुतीया बघा!" पाहुणे म्हणत.

एका सकाळी मी तिच्या हातात चौथीचे पुस्तक दिले. तिने ओळीवर बोट ठेवून धडा सुरू केला. बोट ओळीच्या टोकाला थांबले, वाक्य मात्र चालूच राहिले. मी पान उलटले. धडा तोच. 'नदी' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिलंय?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "आबा, तुम्ही आदी म्हणा की. मग मी म्हणते."

अर्ज लिहून मी शिक्षण विभागात गेलो. अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे.

"दहावीची सोय केली की, आजोबा. ही बारकी पोरं. हसतखेळत शिकतील."

"कायद्यात दहावी कुठे आहे ते दाखवा. सहा वर्षांचं मूल कुठे आहे, ते मी दाखवतो. थोरली वाचून भरून काढेल. जिला वाचताच येत नाही, तिनं काय करायचं?"

"आता लोकांची लग्नं थांबवू काय?"

"लग्न नसतं त्या दिवशी वधूपक्षाची खोली कोण वापरतं?" माझा आवाज इतका चढला की शिपाई आत डोकावला.

आणखी अर्ज गेले, तेव्हा ती खोली मिळाली. दुसरीचा वर्ग आता तिथल्या मोठ्या आरशासमोर बसतो. दार लावले की शेजारचे पाढे ऐकू येत नाहीत. तेव्हापासून धाकटी घरात गप्प असते. पाहुण्यांसमोर उभी राहत नाही.

"मामंजी, किती छान म्हणायची," सून म्हणाली. "तुम्ही खोली मागितलीसा आणि पोरगीच गप झाली."

काल धाकटीने दुधाच्या पिशवीवरचा 'गाय' हा शब्द अक्षर अक्षर लावून वाचला. "बरोबर हाय न्हवं?" तिने विचारले. मी तिला पुन्हा वाचायला लावले. तिने वाचला.

पुढच्या आठवड्यात लागोपाठ मुहूर्त आहेत. त्या दिवसांत वर्ग आमच्या घराच्या सोप्यात भरवावा, असे मी तिच्या बाईंना लेखी कळवले आहे.