मनगटावरचा डाग

तो डाग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा, जरा फिकट. शिबं असेल म्हणून सोडून दिलं.

तेव्हा आम्ही रत्नागिरीत राहत होतो. यजमान मिशनच्या शाळेत शिक्षक होते. मी दर बुधवारी गावाबाहेरच्या महारोग्यांच्या वसतीत बायकांना शिवण शिकवायला जायची. लग्नाआधी माझा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पाळकांनी विचारलं होतं, "तारण म्हणजे काय?" मी न अडखळता उत्तर दिलं होतं. पाठ केलेलं होतं.

एके सकाळी चुलीवरून पेजेचं भांडं उतरवलं. थोड्या वेळाने यजमान म्हणाले, "अगं, हाताला केवढा फोड आलाय! भाजलं कधी?"

मला ठाऊकच नव्हतं. फोड बरोबर त्या डागावर आला होता. मी म्हटलं, "मघाशीच. काही नाही एवढं." ते शाळेत गेल्यावर मी सुई घेतली आणि फोडाच्या कडेला डागात टोचली. रक्ताचा थेंब आला. दुखलं मात्र नाही. महारोगाचा डाग असाच बधिर असतो, हे वसतीत ऐकलेलं होतं.

त्यानंतर दोन महिने मी ते लपवलं. लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागले. मुलीला डाव्या हाताने धरायची नाही. ती रडायची, मी लांब बसून पाळण्याची दोरी ओढायची. उपासनेला सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवून मनगटाकडे बघत राहायची. प्रार्थना एकच, हे ते नसू दे. आणि रोज सुई. रोज तेच.

वसतीत एक म्हातारी होती, केळशीकडची. हाताची बोटं झडलेली. तिला शिवता येत नसे, ती नुसती येऊन बसायची. एका बुधवारी बाकीच्या बायका गेल्यावर ती म्हणाली, "हात पदराखाली कशाला गो धरतेस?"

मी पदर आणखी ओढून घेतला. ती म्हणाली, "मी पण लपवला होता. तीन वर्षं. दाखवला तेव्हा बोटं गेली होती."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "आजी, मी रोज देवाकडे मागते. भीती जात नाही."

"माझी कुठे गेली? मी त्याला सांगते, मला भय वाटतंय, तू इथे बस. बसतो तो. मग मी उठते, तोंड धुते."

मी तशीच घरी आले आणि यजमानांपुढे बाही वर केली. त्यांनी वाकून डाग बघितला. मग त्यांनी तेच मनगट हातात धरलं. मी ओढून घ्यायला लागले, तर सोडेनात. म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कागदाच्या टोकाने ते हातावर कुठे कुठे स्पर्श करत होते आणि मी सांगायचं होतं. मिटल्या डोळ्यांनी मी एवढंच म्हटलं, प्रभू, तू इथे बस. उठून पळावंसं वाटत होतं, तरी खुर्चीतून पळाले नाही. ते बळ माझं नव्हतं, एवढं मला नक्की कळलं.

रोग तोच होता. पण सुरुवात होती. मुलीला दाभोळला नणंदेकडे ठेवावं लागलं. तेव्हा या रोगावर कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं देत; ती दोन वर्षं घेतली, डागातच टोचायचे. एके दिवशी सुई दुखली आणि मी ओरडले. डॉक्टर हसायला लागले.

रोग हटला असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलीला आणायला गेले, तेव्हा ती आत्याच्या मागे लपली. मला ओळखेना. दोन दिवस मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिले, हात लावायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी जेवताना ती आपणहून आली आणि माझ्या मांडीवर बसून माझ्या ताटातला भात खाऊ लागली.