साखळी सोडल्यानंतरचे दाजी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथीच्या जुड्या चाळत होते. "मावशी, आप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावर चिडलेच. "गेले म्हणजे? कुठं गेले?" असं भर बाजारात ओरडले… माझ्या आक्काचे यजमान, आमचे दाजी, सकाळचा चहा घेऊन खुर्चीत टेकले ते बसल्या जागीच गेले होते. आता महिना उलटलाय, तरी त्यांच्या पिंपळवंडीचा विषय निघाला की मी "दाजी म्हणतात" असंच बोलते. "म्हणायचे" हा शब्द लिहिताना उतरतो, पण जिभेवर येतच नाही मेला.

दाजी तोंडानं फटकळ. मी उंबऱ्यात पाय ठेवला रे ठेवला की, "आल्या का मेहुणीबाई? आता आमचं काय खरं न्हाई," असं म्हणायचे आणि स्वतःच उठून खुर्ची पुढं सरकवायचे. घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. तिकडं बिबट्याला सरळ वाघच म्हणतात, आणि वाघाची नजर आधी कुत्र्यावर. त्यांचा पहिला कुत्रा असाच ओट्यावरून उचलून नेला. दाजी कितीतरी दिवस नीट जेवले नव्हते. मग टिप्या आणला. एवढंसं पिल्लू, पण त्याला पहिल्यापासूनच पडवीत, जाळीच्या आत, आखूड साखळीनं बांधलेला. दिवसासुद्धा! कुणी म्हटलं, सोडा की जरा, तर अंगावर यायचे. "वाघानं नेल्यावर तुमी आणून देणार का?" खाण्यापिण्याचे मात्र लाड. घरचे, पाहुणे, येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याच्यापुढं तूप लावलेली भाकरी टाकणार. बसून बसून टिप्या चांगला गोल झाला, आणि आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

पुढं तो सकाळी उठता उठेना. मागचे पाय ताठ, पुढच्या पायांवर जोर देऊन कसाबसा उभा राहायचा आणि गुळगुळीत फरशीवर घसरायचा. दाजींना वाटलं, थंडीनं असेल. स्वतःची गुडघेदुखीची गोळी भाकरीत घालून द्यायला निघाले होते, आक्कानं हात धरला म्हणून बरं. मग आळेफाट्याहून जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. मी त्या दिवशी तिथंच होते. माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे बाईंनी आधी दरडावून सांगितलं. मग टिप्याचे पाय एकेक करून वाकवून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, सांधे झिजायला लागलेत. वजनही फार आहे. पण एका जागी बांधून ठेवल्यानं अंग जास्त आखडलंय. त्याला रोज थोडं थोडं चालवायला हवं."

दाजी बाईंना रस्त्यापर्यंत सोडून आले, टिप्याजवळ उकिडवे बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाघापासून राखला गं याला… आन् मीच अधू केला." लेकीच्या पाठवणीला न रडलेला माणूस! मी आपली चहा ठेवायला आत गेले.

त्या दिवशी साखळी निघाली ती निघालीच. रात्री जाळीला कुलूप, पण आत टिप्या मोकळा. फरशीवर गोणपाटं अंथरली, निजायला जुनी गादी. बाईंनी दिलेलं औषध वेळेवर. ऊन वर आलं की हातात काठी घेऊन दाजी त्याला मऊ मातीच्या वाटेनं हळूहळू फिरवणार, तो थांबला की आपणही थांबणार. परत आल्यावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कमरेवर ठेवायचं, आणि मग मांड्या हलक्या हातानं चोळायच्या. मी सवयीनं भाकरीचा तुकडा टाकायला गेले तर गरजले, "मेहुणीबाई, माया बास! तुमची माया उचलायची ताकद न्हाई त्याच्या कमरंत."

एकदा भरदुपारी फोन. मला वाटलं, काय झालं बाई! तर दाजी ओरडत होते, "पळाला! कोंबडीमागं पळाला!" कोंबडी कुणाची, तिचं काय झालं, काही नाही. पण आनंदाच्या पोटातही ते एक शल्य असायचंच. "आधीच सोडला असता तर…" मी म्हणायचे, अहो दाजी, तेव्हा सोडला असता तर वाघानं नसता का नेला? त्यावर म्हणायचे, "त्ये बी खरं. म्हंजे मी दोन्हीकडनं चुकलोच." त्यांना कधी पटवून देता आलं नाही मला, की चूक नव्हती ती, भीती होती. आता कुणाला पटवू?

दहावं-तेरावं उरकलं. त्या गडबडीत टिप्याला ना कुणी फिरवलं, ना शेकलं. पाय पुन्हा ताठले. इतकी वर्षं आम्ही सगळे दाजींना चोळताना बघत होतो, पण हात लावून शिकावं असं एकालाही वाटलं नाही. दाजी आहेत की!

मी निघायच्या दिवशी सकाळी पडवीत आले तर आक्का गोणपाटावर बसलेली. कुत्रं शिवलं तर आंघोळ करणारी माझी आक्का! तिनं फडकं पिळून टिप्याच्या कमरेवर ठेवलं, मग मांडीवर हात फिरवला. तो गुरगुरला. तिनं हात हलका केला, तर त्यानं पायच ओढून घेतला. पुन्हा जरा जोर दिला, तसा तो कळवळला. आक्कानं हात तसाच अधांतरी धरला आणि रिकाम्या खुर्चीकडं बघून रागानं म्हणाली, "अहो, किती दाबायचं… एवढं तरी दाखवून जायचं व्हतं."